नावं सुरू झाल्यावर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सिनेमा संपल्यावर पडद्यावर काहीतरी आलं होतं, आणि ते मी बघितलं होतं.

दोन हजारचं दशक सरत आलं होतं. माझी पोरगी तेव्हा सातवीत होती आणि तिला सुपरहिरोंच्या सिनेमांचं वेड लागलं होतं. बरं, एक सिनेमा बघून सुटका नाही. ह्याचा दोस्त त्या सिनेमात, त्याचा वैरी तिसऱ्यात, आणि राहिलेली गोष्ट म्हणे टीव्हीवरच्या मालिकेत! कागलच्या एमआयडीसीतली पाळी संपवून मंगळवार पेठेतल्या घरी टेकलो, की ही सुरू.

"आप्पा, आधी पहिला बघा, मग हा."

"का? पौराणिक मालिका कुठनंबी लावली तरी कळतीय की."

"ती गोष्ट तुमाला आधीच म्हाईत असतीया. ही न्हाय."

तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच चीड यायची.

नवा सिनेमा लागला तेव्हा हट्टानं मला घेऊन गेली. सबंध वेळ कानाशी कुजबुज. हा कोण, तो कुठून आला, ती ह्याला कशी ओळखते. डोकं उठलं माझं. आमच्याकडं नावं वर सरकायला लागली की सिनेमा संपला. दिवे लागतात, दारं उघडतात आणि सगळं थिएटर गाड्यांच्या स्टँडकडं पळतं. मागं राहिला त्याची स्कूटर अडकलीच. मी उठलो. ती उठेना.

"आप्पा, नावं सुरू झाल्यावर मधीच पुढच्या सिनेमाचा तुकडा असतोय. थांबा की."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, मुक्काम हाय काय?"

लोक हसले. मी तिला दंड धरून उठवलं आणि पुढं घालून ढकलत दाराबाहेर काढलं. दारात मी वळून बघितलं. पडद्यावर अंधारातून एक मुखवटेवाली बाई पुढं आली, दोन वाक्यं बोलली आणि पडदा काळा झाला.

"काय होतं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. नुसती नावं."

खरं सांगितलं असतं तर तो तुकडा बघायला ती मला पुन्हा त्याच सिनेमाला घेऊन आली असती. कारण एवढंच, दुसरं काही नाही.

शाळेत ती मैत्रिणींशी भांडली. शेवटी काही नव्हतं, आमच्या आप्पांनी स्वतः बघितलंय म्हणाली. "तुझा आप्पा झोपला असंल," असं म्हणून पोरी खिदळल्या. घरी येऊन तिनं मला हे सगळं रागानं सांगितलं. राग माझ्यावर नव्हता, त्यांच्यावर होता.

पुढं एका मैत्रिणीकडं तिनं तोच सिनेमा सीडीवर शेवटापर्यंत बघितला. आली, जेवली आणि झोपायला गेली. त्यानंतर "आप्पा, हा बघा" असं तिनं कधी म्हटलं नाही. मला हवं होतं तसं घर शांत झालं, आणि ती शांतता मला एक दिवसही सोसली नाही.

आता ती परगावी नोकरी करते. फोनवर आम्ही जेवणाचं आणि तब्येतीचं बोलतो. तिची माफी मागायची आहे. अजून मागितलेली नाही.