गिऱ्हाइकापुरता उजेड

"अहो, गिऱ्हाईक घरात असताना दिवे बंद करतं का कुणी?"

"सवय गं. हात आपोआप जातो."

त्या हाताला बाई लग्नापासून ओळखून होत्या. बिनखिडकीच्या स्वयंपाकघरातही त्या जरा वळल्या, की तो अंधार करून जाई. आता घर विकायचं म्हणून दलालाच्या सांगण्यावरून कोपऱ्याकोपऱ्यात दिवे लागले होते. परक्यांसाठी नवऱ्याचं मन भलतंच मोठं झालं होतं. पण आज जोडपं खोल्या बघत पुढे गेलं, तसे हे मागून एकेक दिवा मालवत गेले. बिचारी माणसं अंधारात चपला चाचपून निघून गेली.

हे घर विकलं तरच नवं मिळणार होतं, आणि त्याच्या स्वयंपाकघराला खिडकी होती.

"रविवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय," बाईंनी लेकीसमोरच सांगून टाकलं. "तेव्हा बाबा आत्याकडे जातील."