पंचनाम्यात न आलेली जागा

“ओढ्याकाठच्या ह्या जागेचा कुणी वापर करतं का?” महसूल खात्याच्या सर्कल इन्स्पेक्टरांनी विचारलं, आणि चावडीवरचे पाचही पंच आपापल्या पायताणांकडे बघायला लागले.

“न्हाय जी,” शेवटी पाटील म्हणाले. “मोकळीच पडलीया.”

पंचनाम्यात आलं : पड जमीन, वापर नाही. पड म्हणजे कुणी कसत नसलेली जमीन; ही तर कुणाच्या नावावरही नव्हती, म्हणून सरकारची. तेव्हा सरकार इंग्रजांचं. तीसच्या दशकातली ही गोष्ट.

मी तिथेच बसले होते. सोलापूरपासून पाच कोसांवरच्या त्या गावात मी सरकारी दवाखान्याची मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणं करणारी नर्स. महिन्यातल्या जन्मांची यादी पाटलांना द्यायला आले होते. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली मुलगी, सर्टिफिकेटवाली, पायात बूट. तोरा काय विचारता! ओढ्याकाठची ती बाभळींची जागा कशाची, हे मला पक्कं ठाऊक होतं. रोज पहाटे तांब्या घेऊन मीसुद्धा तिथेच जात होते. गावातल्या झाडून सगळ्या बायकांची परसाकडेची जागा ती. पुरुष तिकडे फिरकत नसत, तिचं नावही काढत नसत. रीत चांगलीच. पण त्या दिवशी त्या रितीपायी पाच मानकऱ्यांनी साहेबाला धडधडीत खोटं सांगितलं. आणि मी, शिकलेली शहाणी, यादीची घडी घालत बसले.

महिन्याभरात ती जागा नवी पेठेतल्या एका व्यापाऱ्याला गवतासाठी ठेक्याने गेली. काटेरी तार आली, दंडुकेवाला रखवालदार आला. व्यापाऱ्याच्या घोड्यांची सोय झाली. बायकांची कोण करणार?

मग माझ्या दवाखान्यात रांग लागली. लघवीला आग, पोटात कळा. कारण एकच : बाया पाणीच पिईनात. प्यायलं की जावं लागणार, आणि जायचं कुठे? सखूबाई धनगरणीची सून गंगू, आठवा महिना लागलेला, तारेखालून सरपटताना पोटावर आपटली. दोन दिवस मूल हललं नाही. तिसऱ्या दिवशी हललं, तेव्हा मी रडले, आणि मग तरातरा पाटलांकडे गेले.

“वापर नाही म्हणून कसं सांगितलंत तुम्ही?”

“मंग काय सांगावं, बाई? आयाबहिनींचं असलं साहेबाम्होरं काडावं व्हय?”

आयाबहिणींनी तारेखालून सरपटलेलं चालत होतं. त्याबद्दल बोललेलं चालत नव्हतं.

मी मामलेदारांना, म्हणजे तालुक्याच्या मुख्य अधिकाऱ्याला, अर्ज करायचं ठरवलं. चार मसुदे फाडले. शेवटी वळणदार अक्षरात लिहिलं : ‘सदर जागा ग्रामस्थ महिलांच्या नित्य सोयीची आहे.’ माझी मलाच शाबासकी!

मामलेदार जागेवर आले. सोबत तेच पाच पंच. कुंपणाबाहेर बायका जमल्या, मीही त्यांच्यातच.

“नित्य सोय म्हणजे काय हो?” साहेबांनी मला विचारलं.

“म्हणजे... बायकांना उपयोग होतो.”

“कसला? गोवऱ्या थापायला?”

बाळंतिणीला वाटेल ते बेधडक विचारणारी मी. पण आता बुटाच्या टोकाने माती उकरत राहिले. सखूबाईने मला कोपर हाणलं. “आगं बोल की! शिकलीयास न्हवं तू?”



मग तीच पुढे झाली. “रावसाहेब, हितं आमी बाया परसाकडं बसतो. आमच्या सासवा हितंच बसायच्या. आता तार ठोकलीसा. आमी बसावं कुटं, तुमच्या कचेरीच्या पायरीवर?”

साहेब कानापर्यंत लाल झाले. “हे आधी का नाही सांगितलं कुणी?”

“कोन सांगनार? बाप्यांना गावची लाज, न् ह्या बाईला शाळंतली.”

ओढ्याकडची एक पट्टी त्याच आठवड्यात मोकळी झाली. बाकीची नाही. ठेक्याचा कागद झाला होता म्हणे. जणू कागद आभाळातून पडला होता! नवा पंचनामा माझ्याकडून लिहवून घेतला. या खेपेला मी लिहिलं : ‘गावातील सर्व स्त्रिया येथे शौचास बसतात.’ खाली सही ठोकली. पंचांनी न वाचताच अंगठे उमटवले.

सरकारला आपली जमीन फक्त कागदावर दिसते, आणि त्या कागदात लाजेचा रकाना नसतो. बाई असो की बुवा, जे खरं आहे ते तिथे नावानिशी लिहावं. नाहीतर तार ठोकायला माणसं तयारच असतात.