पहिल्या नंबरचा वेल्डर

आमच्या शेजारचा वेल्डर तसा अबोल माणूस. बायको नर्स. तीन वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी परदेशी गेली, मागच्या वर्षी मुलीलाही घेऊन गेली. ह्याला मागोमाग जायचं तर तिकडच्या भाषेची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी. नापास झाला की वर्षभर थांबा. म्हणून त्यानं मोबाइलवर भाषा शिकवणारं ॲप घेतलं. धडा संपला की गुण, आणि रविवारपर्यंत सर्वांत जास्त गुण मिळवणारा त्या आठवड्याच्या यादीत पहिला.

मला मेलीला कुठलं चैन! मीही तेच ॲप घेतलं आणि पंधरा दिवसांत त्याच्या वर गेले. जिन्यात गाठून म्हटलं, "काय भाऊजी, लोखंड जोडता आणि दोन शब्द जोडता येईनात?"

तो हसला नाही. पुढच्या सोमवारी यादीत तोच पहिला. कसं काय, विचारलं तर म्हणाला, "पुढचे धडे अवघड आहेत, वहिनी. एकेकाला अर्धा तास जातो. पहिला धडा मिनिटात उरकतो. गुण सारखेच."

पहिला धडा म्हणजे मुलगा सफरचंद खातो, मुलगी पाणी पिते. पाच महिने त्यानं तेवढंच घोटलं. अंगठा भाजून भाजून राठ झालेला, स्क्रीन दाद देईना, तर करंगळीनं दाबायचा. मी डिवचत राहिले, तो वर राहिला. बायको फोनवर विचारायची, "तयारी कुठवर आली?"

"पहिला आहे मी," तो सांगायचा. त्यात खोटं काहीच नव्हतं.

परीक्षेला समोरच्या बाईंनी साधंच विचारलं, तिकडे का जायचंय? प्रश्न कळला होता, असं तो सांगतो. पण उत्तर जुळवताना त्याच्या हाती एवढंच लागलं, "मुलगी पाणी पिते." बाईंनी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

निकाल आला तेव्हा मी त्याच्याकडे भाजी द्यायला गेले होते. फोनवर त्यानं बायकोला नापास झाल्याचं सांगितलं. मागे मुलगी तिकडच्या भाषेत कुणाशी तरी भरभर बोलत होती. तो कान देऊन ऐकत होता. त्याला त्यातलं काही कळलं असं वाटलं नाही.

घरी येऊन मी ॲप काढून टाकलं. चार दिवसांनी तो दारात उभा. "वहिनी, यादीत दिसत नाही तुम्ही."

"सोडलं मी. तुम्ही आता पुढचे धडे घ्या, भाऊजी. वर्ष बघता बघता जाईल."

"घेणार आहे," तो मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला. "एवढा रविवार जाऊ दे. एक जण फार जवळ आलाय."