फुप्फुसांना पंचामृत

एकदा मी नवऱ्याच्या फुप्फुसांना पंचामृताचा अभिषेक घातला. म्हणजे त्यांच्या सीटी स्कॅनच्या फिल्मांना. नातवंडं हे ऐकून पोट धरून हसतात, मीही हसते; पण तेव्हाची ती अतिशहाणी बाई आठवली की मान आपोआप खाली जाते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमचं घर धारवाडला, सप्तापूरला. हे गणिताचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत. खोकल्याचं निमित्त होऊन फुप्फुसाचा कॅन्सर निघाला आणि तो यकृतापर्यंत पोचलेला. हुबळीला औषधं चढवणं सुरू झालं. मला स्वस्थ बसवेना. एका गुरुवारी घरात कुणी नाही असं बघून लग्नातली मोठी परात काढली, तीत फिल्मा अंथरल्या, वर दत्ताच्या पादुका ठेवल्या आणि दूध, दही, तूप, मध, साखर, कशालाच हात आखडला नाही. रोग एक, तेव्हा सगळ्या गाठी एकदमच विरघळतील, असं माझं वैद्यक. मग फिल्मा पदरानं पुसून पाकिटात सारल्या.

काही महिन्यांनी हुबळीलाच नवी सीटी झाली. तिथली डॉक्टरीण माझ्या धाकटीएवढी. एकाच रोग्याच्या गाठी एकमेकींपेक्षा किती वेगळ्या वागतात, याचा ती अभ्यास करत होती. फिल्म कॉम्प्युटरवर घेऊन एकेका गाठीभोवती रेघ ओढायची, तिची कड आणि आतला काळा-पांढरा रंग निरखायची. औषध चालू ठेवायचं की बदलायचं, ते जुन्या फिल्मा शेजारी लावल्याशिवाय ठरणार नव्हतं. पहिली सीटी दुसरीकडे काढलेली, तेव्हा त्या फिल्मांशिवाय कुठंच काही नव्हतं. मी पाकीट उघडलं तर आत एक चिकट गठ्ठा, मुंग्यांसकट. हे कसं झालं, असं तिनं विचारलं आणि मी बोलून गेले, "आमच्या सुनेनं कुठं ठेवलं होतं, देव जाणे."

सून सुनंदा माझ्या शेजारीच उभी होती. अप्पा भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी फक्त डोळे मिटले.

डॉक्टरणीनं डार्करूममधल्या म्हाताऱ्या कानडी माणसाला बोलावलं. त्यानं गठ्ठ्याचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता तो स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला. मी लगेच कोपरा धरून ओढायला गेले. "अवसर माडबेड्री, अव्वा," तो म्हणाला, घाई करू नका. ओढलं तर चित्रच निघून येईल. तो पाणी बदलत राहिला आणि मी उभ्या उभ्या नाम घेत राहिले. गाठी जाऊ देत, असं मागायला तोंड उरलं नव्हतं. एवढंच म्हटलं, दत्ता, आहेत तशा दिसू देत.

तासाभरानं फिल्मा आपोआप सुटल्या. एक कोपरा तेवढा गेला. वाळवून लावल्यावर कळलं, फुप्फुसातली गाठ आटली होती, यकृतातली एक तशीच होती आणि दुसरी चांगली वाढली होती. औषध त्याच आठवड्यात बदललं. हे त्यानंतर दोन दिवाळ्या आमच्यात होते. त्या म्हाताऱ्याला भेटायला गेले तेव्हा तो काम सोडून गावी गेला होता; नावसुद्धा विचारायचं राहिलं. त्याला दत्त म्हणायला मी धजत नाही. पण देवाला काय करायचं ते शिकवायची माझी खोड त्याच्या ट्रेमध्ये बरीचशी भिजली. ओंजळ पुढं करावी, वर यादी वाचू नये, एवढं आता कळतं.

त्या दिवशी निघताना मी डॉक्टरणीला सगळं खरं सांगितलं. पंचामृताचं सांगणं सोपं गेलं, सुनेवर घातलेल्या आळाचं जड. जिन्यात सुनंदाचा हात धरला. तिनं हात सोडवून घेतला नाही. म्हणाली,

"राग आलाय, आई, खूप आलाय. पण आधी अप्पांचं नवं औषध सुरू होऊ दे. भांडायला आपण दोघी आहोतच की."