व्हर्नाची साक्ष

अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रीनोला काडीमोड घ्यायला आलेल्याला सहा आठवडे गावात काढावे लागत. तो रोज इथंच होता, असं कोर्टात शपथेवर सांगायला साक्षीदार लागे. ते काम घरमालकिणीचं. राल्स्टन स्ट्रीटवर खोल्या भाड्यानं देणाऱ्या व्हर्ना टॉलिव्हरनं असे कितीतरी संसार मार्गी लावले होते. साक्षीतला शेवटचा प्रश्न ठरलेला असे, "यांचा नेवाडातच कायम राहायचा विचार आहे ना?" व्हर्ना "हो" म्हणे, आणि ते गृहस्थ संध्याकाळच्या गाडीनं न्यूयॉर्कला निघून जात. जजसाहेबांना हे ठाऊक होतं. गाडीच्या हमालालासुद्धा ठाऊक होतं.

अशात एका वसंतात दारात ऑरिन येऊन उभा राहिला. याच कोर्टात तिनं ज्या नवऱ्याला सोडलं होतं, तो.

"खोली आहे?"

"तुझ्यासाठी? मागं कोंबड्यांचं खुराडं आहे."

"चालेल. दुसरीशी काडीमोड घ्यायचाय. मागच्या वेळी सगळं तूच केलंस, मला सवय नाही."

आलेलं गिऱ्हाईक परतवायची तिची रीत नव्हती. मागची खोली तिनं दिली. आता कायद्यानं रोज त्याचं तोंड बघणं आलं. लग्नाच्या वर्षांत त्यानं ते एवढं दाखवलं नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर रोज जुंपे.

"वाटाणे कच्चे आहेत, व्हर्ना."

"वाटाणे ठीक आहेत. तुझे दात म्हातारे झालेत."

बाकीच्या भाडेकरू बायका खूश. शनिवारी त्या सिनेमाला जात. तिथं हल्ली एकच गोष्ट चाले: सोडलेला नवरा आणि सोडलेली बायको रेशमी कपड्यांत कडाकडा भांडतात आणि शेवटी पुन्हा लग्न करतात. "अगदी तुमच्यासारखं!" एक बाई म्हणाली. व्हर्ना एकदा जाऊन आली होती. त्यात चादरी कोण धुतं ते कुठंच दाखवलं नव्हतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी ती वाळत घातलेल्या चादरी काढत होती, तेव्हा ऑरिन दोरीपाशी आला.

"मी परत जाणार नाही. इथंच राहणार, तुझ्याजवळ."

"असं इथं सगळेच सांगतात."

"ते कोर्टात सांगतात. मी तुला सांगतोय."

तिनं चादर त्याच्या अंगावर टाकली. "धर ते टोक. आणि तोंड बंद."

पण घोळ होऊन बसला होता. इतकी वर्षं ती "हो" म्हणे, कारण ते खोटं होतं आणि त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. आता तेच "हो" खरं निघणार होतं. "नाही" म्हटलं तर हा ओहायोतल्या त्या दुसऱ्या बायकोच्या गळ्यात राहील. "हो" म्हटलं तर हिच्या.

दुसऱ्या दिवशी वकिलानं जांभई दाबत विचारलं, "यांचा नेवाडातच कायम राहायचा विचार आहे ना?"

व्हर्नानं आधी ऑरिनकडे वळून पाहिलं, मग छताकडे. जजसाहेबांनी चष्मा वर केला. इथं कुणी विचार करून उत्तर दिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "पण नेवाडा मोठं आहे, साहेब."

काडीमोड मिळाला. बाहेर कोर्टाच्या व्हरांड्यात येताच ऑरिननं विचारलं, "मग मी जाऊ कुठं?"

"वाळवंटात. जागा भरपूर आहे."

"समोरच्या क्रँडलबाईकडे खोली रिकामी आहे म्हणे. वाटाणे मऊ शिजवते."

"ती? मांजराच्या ताटलीत माणसं जेवू घालते ती!"

"निदान बोलते तरी गोड."

"गोड बोलण्याचे वेगळे पैसे लावते, मूर्खा! चार दिवसांत तुला पोतेरं करून ठेवील!"

"मग तू ठेवून घे."

"ठेवून काय घे? माझं घर म्हणजे काय अडगळीची खोली?"

भांडत भांडत दोघं व्हरांड्याच्या त्या टोकाला, लग्नाचे परवाने देणाऱ्या खिडकीपाशी, कधी येऊन उभी राहिली ते त्यांनाच कळलं नाही. आतल्या कारकुनानं टाक दौतीत बुडवला आणि थांबला. "बाई, आधी तुमचं भांडण आटपू द्या. मी थांबतो."

व्हर्नानं ऑरिनकडे अशा नजरेनं पाहिलं, की क्रँडलबाईचं मांजरही पळून गेलं असतं.

"ते आटपायचं नाही," ती कारकुनाला म्हणाली. "तू लिही."