पाकळीचा ल

भाईंदर पश्चिमेला बाजारामागच्या गल्लीत एका गुजराती शेठचं नेमप्लेट आणि ट्रॉफ्यांचं दुकान होतं, तिथे मी कॉम्प्युटरवर बसायचे. नव्वदनंतरची वर्षं. कॉम्प्युटरवर बसते म्हटलं की शेजारणींना वाटायचं, हिची मजा आहे, एसीत बसते. एसी कसला डोंबलाचा! पितळेचा कीस डोळ्यांत जायचा आणि पंखा लावला की तोच कीस सगळ्या दुकानभर.

शेठनी नुकतंच कोरायचं नवं मशीन आणलं होतं. कॉम्प्युटरवर मजकूर टाकायचा, मशीनचा कटर तो पत्र्यावर कोरणार. बरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीचे ढीगभर फॉन्ट होते, तेही एका रेघेचे, म्हणजे कटर एकदा फिरला की अक्षर तयार. मराठीचा एकही नव्हता. मराठी अक्षरं छपाईवाल्यांच्या फॉन्टमधून उचलायची, आणि ते फॉन्ट कागदासाठी केलेले. कागदाला चूक चालते. पितळेला नाही. एकदा कोरलं की कोरलं.

अशात खाडीजवळचा आमच्या वस्तीतला बुद्धविहार बांधून होत आला. आमचे बाबा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते. सुट्टीच्या दिवशी माणूस झोपतो, हे विहाराच्या विटा वाहायचे. स्लॅब पडायच्या आधीच गेले, छातीच्या दुखण्याने. विहाराच्या दाराशी श्रमदान केलेल्यांच्या नावांची पितळी पाटी लावायची ठरली आणि पहिलं नाव बाबांचं. कमिटीचे काका मोठ्या विश्वासाने ते काम माझ्याकडे घेऊन आले. मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली.

कारण आई. आई शाळेची पायरी चढली नव्हती. बाबा गेल्यावर घर तिला खायला उठायचं, म्हणून मी दगडी पाटी आणली आणि जेवणं झाली की तिला अक्षरं शिकवायला लागले. ती शिकली, माझ्या हातच्या वळणाची. आणि एकदा महिला मंडळात बोलून गेली, "विहाराची पाटी मीच वाचनार, सगल्यांसमोर." समोरच्या मावशी लगेच म्हणाल्या, "हो का? मग उद्यापासून पेपर पण वाचून दाखव आम्हांला." बायका हसल्या. आईपण हसली, पण मला माहीत आहे ती कशी हसली ते. आईला कोणी हसलं की माझं डोकं फिरतं. तेव्हाही फिरलं, पण भांडायला गेले नाही, कारण आई खरंच अडली तर, ही भीती मलाही होती.

काकांना कमिटीसाठी जाड, भारदस्त अक्षर हवं होतं. मी तसा फॉन्ट लावून कागदावर छापून दिलं. त्यांनी खूश होऊन सही केली. मी तोच कागद घरी नेला आणि सहज दाखवल्यासारखं करून आईपुढे ठेवला. बाबांच्या नावात ल आहे, आडनावातही आहे. आईचं बोट नावावरून सरकत आलं आणि अडलं.

"ह्यो काय गो?" ती म्हणाली. "न हाय, का तुटका त?"

तो ल होता, उजवीकडे उभा दांडा असलेला, हिंदीतला. मी शिकवलेला ल आपला, दोन पाकळ्यांचा, दांडा मधून खाली आलेला. दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही दिसतात, वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. नव्याने वाचणाऱ्याला पडतो. मी म्हटलं, "काही नाही, छपाईची चूक आहे," आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला. जेवण काही गेलं नाही.

आई सगळ्यांसमोर उभी आहे, बोट नवऱ्याच्या नावावर अडलंय, आणि मागे मावशी. हे चित्र तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. दांड्याचा ल पण शिकवून टाक, असं एक मन म्हणायचं. पण तिने इतक्या कष्टाने अक्षरं डोक्यात बसवली होती, आता एकाच अक्षराची दोन तोंडं दाखवली तर सगळंच विस्कटेल, असं दुसरं मन म्हणायचं. माझी दोन्ही मनं घाबरट.

मग मी फॉन्ट शोधत सुटले. स्टेशनजवळ लग्नपत्रिका करणारा एक ओळखीचा होता, त्याच्याकडून फ्लॉपी आणल्या. एका फॉन्टमध्ये पाकळीचा ल सापडला तेव्हा वाटलं, सुटले. अॅक्रिलिकच्या तुकड्यावर चाचणी घेतली आणि कपाळाला हात लावला. जाड अक्षर मशीनला जाड दिसतच नाही, त्याला दिसते अक्षराची कड. कटर प्रत्येक अक्षराच्या कडेने फिरला. मराठीत शिरोरेषा एक दिसते, पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला तुकडा डोक्यावर घेऊन येतं, आणि दोन तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. कागदावर काळ्यात काळं मिसळून जातं. मशीनने मात्र दर सांध्यावर उभ्या चिरा पाडल्या. बाबांच्या नावाची शिरोरेषा तुकडे केलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी दिसत होती.

चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सांधे जोडता यायचे. जोडले. तर पाकळ्या इतक्या बारीक, की कटरच्या टोकाने दोन्हींचा मिळून एक खड्डा केला. आता तो ल पण नव्हता आणि काहीच नव्हतं.

शेठ मागे येऊन उभे. "बेन, स्कूलवालों की ट्रॉफी पडी है. एक पाटिया में कितना टाइम निकालोगी?" माणूस वाईट नव्हता, पण त्या क्षणी मला त्यांना मशीनखाली घालावंसं वाटलं. "हो गया शेठ, बस हो गया," मी म्हटलं. झालं काहीच नव्हतं.

शेवटी मी फॉन्टचा नाद सोडला. पाटीला जेवढी अक्षरं लागत होती तेवढी मी स्वतः स्क्रीनवर काढली, माऊसने, एका रेघेची, दगडी पाटीवर काढायचे तशीच. शिरोरेषा प्रत्येक नावाला एकच, सलग, सगळ्यात शेवटी ओढायची. ल तर कितीदा पुसला असेल! माऊसने गोल काढणं म्हणजे साबणाने हात बरबटलेले असताना सुईत दोरा ओवणं. अक्षरं जमली, पण ती बारीक होती, आणि काकांनी सही जाड अक्षरावर केली होती.

काकांना दुकानात बोलावलं. त्यांनी बारीक अक्षर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाय, आमाला भारदस्त पायजे होतं. रस्त्यावरून दिसाया पायजे." मी चिरा पडलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्या शिरोरेषेवरून नख फिरवलं. प्रत्येक सांध्याला नख अडकलं. मग बारीक अक्षराच्या तुकड्यावरून फिरवलं. "ह्येच कर," ते म्हणाले. आईचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आणखी एका माणसाची काळजी झाली असती, आणि मला ती वाटून घ्यायची नव्हती.

पितळेचा पत्रा एकच होता. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा, आणि मध्येच गेली तर मशीन आपली जागा विसरायचं, पुढचं अक्षर कुठेही उठवायचं. पंखा मंद झाला की माझा जीव खाली-वर. शेजारच्या दुकानात वेल्डिंग सुरू झालं तसा दिवा मिणमिणला, मी धावत जाऊन त्या भाऊला हात जोडून थांबवलं. तो बिचारा विडी ओढत माझ्या दाराशी बसून राहिला. मशीनने शेवटची शिरोरेषा ओढली तेव्हा मी चक्क खुर्चीत रडले. शेठनी न विचारता चहा मागवला.

वैशाख पौर्णिमेला पाटीवरचा कपडा काढला. मेणबत्त्या, वंदना, भाषणं, सगळं झालं. काका म्हणाले, "आता आमच्या वहिनी पाटी वाचतील." आई पांढरी साडी नेसून पुढे गेली. मावशी अगदी मागेच. आईने वरची मथळ्याची ओळ वाचली, एकेक अक्षर जोडत, पण चुकली नाही. मग बोट पहिल्या नावावर ठेवलं आणि थांबली.

ती थांबली ती थांबलीच. ल चुकला, मला वाटलं. माझाच ल चुकला, पाकळी फार पसरली. मी आईच्या बोटाकडे बघितलं. बोट ल वर नव्हतं. पहिल्या अक्षरावरच होतं, आणि ती अडखळल्यासारखी दिसत नव्हती, लाजल्यासारखी दिसत होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आईने बाबांचं नाव कधी तोंडाने घेतलंच नव्हतं. अहो, हे, पोरांचे बाबा. दगडी पाटीवर मी ते नाव लिहायचे तेव्हाही ती नुसतं बोट फिरवून मान हलवायची, आणि मी पुढच्या शब्दाला जायचे. मी फॉन्ट बघत बसले होते.

आईने पदर सारखा केला. मग नवऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं, आडनावासकट, दोन्ही ल स्वच्छ. आणि जराशी थांबली, हाक मारल्यावर माणूस ओ द्यायची वाट बघतो तशी. मग पुढचं नाव वाचायला घेतलं.