ओल्या फरशीचा आकडा

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. ज्या डेअरीत मी अकरा वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे, तिथंही कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर बहुतेक सांगितलं नसतं. एवढा धीर माझ्यात नाही, हे आधीच कळलेलं बरं.

निपाणीच्या अलीकडं, हायवेला लागून आमची डेअरी. मी मूळचा गुंजीकडचा, भातशेतीच्या घरातला. बेळगावात डिप्लोमा केला आणि इथं लागलो. माझं काम काय? माणसं पडू नयेत, भाजू नयेत, त्यांची बोटं मशिनात जाऊ नयेत. काही व्हायच्या आत बघायचं, झाल्यावर नव्हे. पगार त्याचाच मिळतो मला.

दही भरायच्या खोलीत पूर्वी शहाबादी फरशी होती. काळपट, खडबडीत, पण पाय धरून ठेवणारी. बाहेरचं मोठं गिऱ्हाईक प्लांट बघायला येणार म्हणून ती उखडून पांढऱ्या टाइल्स घालायचं ठरलं. तीन नमुने माझ्या टेबलावर आले. त्यातला एक मी पास केला. कसा? — बोटानं घासून. कोरडा. टेबलावरच. एक तांब्याभर पाणी ओतून बघायला काय झालं होतं मला?

टाइल्स बसल्यावर यंत्र लावून मोजायचं असतं. एक लंबक, त्याच्या टोकाला रबर. वरून सोडला की रबर फरशीला घासत जातं आणि काटा आकडा दाखवतो. छत्तीस किंवा वर आला तर फरशी बरी. पंचवीसच्या खाली गेला तर तिथं माणूस पडणार — आज नाही तर उद्या. आधी कोरडी मोजायची, मग पाणी टाकून ओली. दह्याच्या खोलीत फरशी कोरडी कधी नसतेच, त्यामुळं ओला आकडा तोच खरा.

कोरडा आला अठ्ठावन्न. ओला आला एकोणीस.

पुन्हा पुन्हा लंबक सोडला. एकोणीस. अठरा. परत एकोणीस.

मी ओल्याच्या रकान्यात बेचाळीस लिहिलं. अठ्ठावन्न का नाही? तर ते खोटं दिसलं असतं. एवढी अक्कल त्या क्षणीही शाबूत होती माझी.

मॅनेजरनी दबाव आणला, असं लिहायची फार इच्छा होते आहे. तुम्हीही मान डोलावली असती, नोकरी आहे, काय करणार म्हणाला असता. पण कुणी काही म्हटलं नव्हतं. मॅनेजरनी कन्नडातून एवढंच विचारलं, टेस्ट झाली का. मी म्हटलं, आयतु सर, झाली. खरा आकडा दिला असता तर टाइल्स काढाव्या लागल्या असत्या, आणि मग कुणीतरी विचारलं असतं — ही टाइल पास कुणी केली? बस. एवढ्या एका प्रश्नासाठी.

तीन आठवड्यांनी शेवंताआक्का पडली.

ही दह्याचे क्रेट उचलणारी बाई, पन्नाशीची, माझ्या आधीपासून डेअरीत होती. जुन्या फरशीवर सोळा वर्षं चालली, कधी घसरली नव्हती. नव्या फरशीवर भरला क्रेट घेऊन वळली आणि पाय गेला. मी धावलो. उजव्या पायाचा घोटा भलतीकडं वळला होता. गमबूट ओढला तर ती कळवळली, म्हणून मी तो कात्रीनं कापून काढला. कंपनीचाच पांढरा गमबूट. कापला मी. माझ्या ह्या हातांनी.

आणि अपघाताच्या रिपोर्टमध्ये लिहिलं — कामगाराच्या पायात झिजलेली चप्पल होती, बूट घातलेले नव्हते.

बूट बॉयलरमध्ये टाकला. खोलीत आणखी दोघी होत्या, त्यांना मी काही विचारलंच नाही. त्या अजून नोकरीत कायम झालेल्या नव्हत्या. त्यांनी काय पाहिलं ते त्याही बोलल्या नाहीत.

इथवर सांगणं सोपं होतं. आकडा, कागद, सही — कागदावरचं पाप कागदावरच राहतं, अशी मी माझी समजूत घातली होती. खरं सांगायचं ते पुढंच आहे.

चौथ्या दिवशी मी तिला दवाखान्यात भेटायला गेलो. फळं घेऊन. पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला. ती हळूच म्हणाली,

“सायेब, माझ्या पायात बूट हुते न्हवं?”

तिला आठवत होतं. तिला बरोबर आठवत होतं. “व्हय” एवढंच म्हणायचं होतं मला.

“न्हाय आक्का. चप्पल हुती.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मी नजर हलवली नाही — ह्याचाच मला आज जास्त संताप येतो. तेवढी तरी लाज वाटायला हवी होती. मग ती म्हणाली, “मग माझंच चुकलं.”

मी शिकलेला, मी साहेब. माझ्या एका वाक्यापुढं तिनं स्वतःच्या आठवणीवर काट मारली.

दोन महिन्यांनी ड्रेनेजचं निमित्त काढून मी त्या टाइल्स बदलून घेतल्या. ह्या खेपेला ओला आकडा खरा लिहिला. म्हणजे मला जमत होतं तर!

शेवंताआक्का लंगडत परत आली. तिला बसून लेबलं चिकटवायचं काम दिलं, आणि ते मी मिळवून दिलं असं ती सगळ्यांना सांगत सुटली. मी ऐकून घेतलं. दरवर्षी सुरक्षा सप्ताहात नव्या कामगारांना मी भाषण देतो. त्या वर्षी म्हणालो, आपल्याकडं एक बाई चप्पल घालून आली आणि जन्माची अधू झाली. नाव घेतलं नाही. मला वाटलं, हा माझा मोठेपणा.

तर मागच्या रांगेतून ती उठली. म्हणाली, “ती बाई मीच. बघून चाला गं पोरींनो. माझ्यागत करू नकासा.”

बघून चाला! काय बघून चालणार होती ती? एकोणीस आकडा डोळ्यांनी दिसतो का? तो मोजावा लागतो. मोजला होता. मोजणारा माइक धरून तिच्यासमोर उभा होता.

मी टाळ्या वाजवायला सांगितलं. सगळ्यांनी वाजवल्या.

पुढच्या वर्षी मी तिला स्वतःहून बोलावलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. यंदाही ती आली. हॉल वरच्या मजल्यावर आहे, कठडा धरून एकेक पायरी चढत आली. खुर्ची मी दिली. माइक मी दिला.